खुंटी क्रमांक नऊ

सभा अकराची. पावणेबाराला पंखा सुरू झाला
आणि वाकओढ्याचा नकाशा टेबलावरनं उडाला.
चार कोपऱ्यांवर मी चार कप ठेवले.
इतिवृत्त लिहिणं माझं काम. चहा सांगणं नाही, तरी सांगते.

कुरणे साहेबांनी गाळ मोजून आणलेला,
अठरा हजार घनमीटर, वर दशांश.
"पुलापासून नदीपर्यंत सरळ काढू, मीटरभर खोल.
पाणी थांबलंच नाही तर चढेल कसं?"
यावर मान न हलवणारा या गावात कोण आहे?
श्रावणात आम्ही एकमेकांना बरा आहेस का विचारत नाही,
राजाराम बंधारा किती, विचारतो.
एकोणचाळीस फुटांना सिलिंडर माळ्यावर,
त्रेचाळीसला म्हातारी माणसं पाव्हण्यांकडं.

हुपरीकर बाईंनी पिशवीतनं लव्हाळ्याचा गड्डा काढला,
मुळांसकट ठेवला. टेंडरवर ओल पसरली.
"वळणावरची ही पाच एकरं रिकामी नाहीत.
पाणी इथं येऊन बसतं, मग दमानं नदीला जातं.
सरळ केलंत तर धावत जाईल
आणि नदी भरलेली असली की धावतच माघारी येईल."
शेकाट्या, तुतवार, जांभळी पाणकोंबडी.
ऱ्हस्व-दीर्घ विचारून मी नावं लिहून घेतली.
"पाणकोंबडीला मत नसतंय, बाई," जमादार म्हणाले.
हशा झाला. हशा इतिवृत्तात येत नाही.

मग कुंभार गल्लीचे पांडबा सरवडेकर उभे राहिले,
नखांत शाडू तसाच.
"दोन साल गणपती पाण्यात गेलं, रंग लागायच्या आधी.
माती मातीत गेली, तिचं काय न्हाय.
उधारी विरघळली न्हाय.
गाळ काढा. पर वळणावरचा चिखल ठिवा, त्यो लई गुणाचा हाय."
"दोन्ही कसं व्हायचं, पांडबा?"
"ते तुमी शिकलाय."

शेवटी ठरलं: पुलापासून खुंटी नऊपर्यंत.
पुढचं पुढं.

दुपारी जागेवर गेलो. पोकलेन बाभळीखाली,
तासाला सोळाशे, ड्रायव्हर सावलीत पालथा.
साहेबांनी मोजपट्टी चिखलात घातली.
ती गेली, गेली, हात मनगटापर्यंत गेला,
तळ काही लागेना.
नकाशात पाण्याला निळा रंग, जमिनीला पिवळा.
चिखलाला नेमून दिलेला रंग नाही.
टिटवी डोक्यावर ओरडत होती. कुणी वर बघितलं नाही.

पाचला सगळे गाडीत बसले. साहेब मागं राहिले,
वाटलं, आडोशाला गेले असतील.
त्यांनी खुंटी नऊ उपटली, पुलाकडं चालत आले,
दगडानं ठोकली, चपला गवताला पुसल्या.
अकरा पावलं. मी मोजली.
सकाळी याच माणसानं दशांशासकट भांडण केलं होतं.

दसरा चौकात सिग्नल लागला, तेव्हा विचारलं,
"साहेब, अकरा पावलांचं पाणी
आमच्या गल्लीत किती येईल?"
माझी खोली सरवडेकरांच्या शेडमागं आहे, त्यांना ठाऊक नव्हतं.
ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. सिग्नल सुटला, मागनं हॉर्न.
"अर्धी वीट," म्हणाले. "फार तर."

रात्री इतिवृत्त पुरं केलं:
स्थळपाहणी झाली. खुंटी क्रमांक नऊ आराखड्याप्रमाणे.

दारामागं गेल्या पुराची तपकिरी रेघ आहे,
दोनदा चुना मारला तरी वर येते.
तिच्यावर वीट टेकवून धरली.
वीट पुरी होती,
तेव्हा निम्म्यावर अंगठा ठेवला
आणि खडू शोधायला लागले.